चिनी दफनभूमीत थडगं किती वर्षं राहतं? आपल्याकडच्या जागेच्या प्रश्नासाठी माहिती हवी

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या पंचायतीच्या हद्दीत दफनासाठी साधारण एक एकर जागा आहे. लिंगायत समाज, नाथपंथी गोसावी घराणी आणि सगळ्याच समाजांतली लहान मुलं, एवढ्यांचं दफन तिथंच होतं. अलीकडं जो तो सिमेंटचा कट्टा बांधतो, वर ग्रॅनाइट बसवतो. त्यामुळं नवा खड्डा मारायला जागा शोधत फिरावं लागतंय. उताराची जमीन आहे, खाली जांभा लागतो आणि पावसाचं तर तुम्हाला ठाऊकच आहे.

समितीच्या बैठकीत चीनचं उदाहरण निघालं. एकजण म्हणाला, तिकडं थडगं ठरावीक वर्षांनी उकरतात, हाडं मडक्यात भरतात आणि तीच जागा दुसऱ्याला देतात. दुसरा म्हणाला, तिकडं दफनच बंद आहे, सगळ्यांचं दहन होतं. ठराव लिहायच्या आधी खरं काय ते समजून घ्यायचंय. थडगं नेमकं किती वर्षांनी उकरतात? एका थडग्याला जागा किती देतात? घरच्यांची संमती कशी घेतात? आणि यातलं आपल्या मातीत, आपल्या रीतीत बसेल असं काय आहे? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

पूर्वरंग (बेळगाव)

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या ठिकाणांबद्दल बोलतायत. मुख्य भूमीवरचा चीन, हाँगकाँग, तैवान आणि सिंगापूर या चारही ठिकाणी चिनी लोक आहेत, मूळ रीतही बरीचशी एक, पण कायदे चार तऱ्हेचे.

आधी मुख्य चीन. जुनी रीत म्हणजे जाड फळ्यांची शवपेटी आणि घराण्याच्या शेतात किंवा डोंगरउतारावर मातीचा उंचवटा. शवपेटी माणूस जिवंत असतानाच करून ठेवायची, ते दीर्घायुष्याचं लक्षण मानायचं. १९५६ साली माओ आणि इतर नेत्यांनी आपलं दहन व्हावं अशा निवेदनावर सह्या केल्या. कारणं सरळ होती: शेतजमीन अडते, लाकूड जातं, खर्चानं घरं बुडतात. पंतप्रधान चौ एन-लाय यांची रक्षा १९७६ मध्ये विखुरली गेली, नंतरचे मोठे नेते डंग श्याओपिंग यांची १९९७ मध्ये समुद्रात सोडली. माओंचा देह मात्र जतन करून बीजिंगच्या स्मारकात ठेवला आहे.

तिथल्या नियमांचा पाया १९९७ च्या अंत्यविधी नियमावलीत आहे. दाट वस्तीच्या, कमी जमिनीच्या आणि दळणवळण सोयीच्या भागांत दहन. बाकीच्या भागांत दफनाला मुभा, पण ठरवलेल्या जागीच. पिकाऊ जमीन, वनजमीन, बागा, धरण-नदीचे बांध, पिण्याच्या पाण्याचे उगम, रेल्वे आणि मोठे रस्ते यांच्या लगत थडगं बांधायला मनाई आहे. हुई वगैरे मुस्लिम समाजांच्या दफनाच्या रीतीला त्यात संरक्षण आहे. म्हणजे ‘चीनमध्ये दफन बंद’ हे अर्धंच खरं. देशभरात दहनाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. शहरांत जवळजवळ सगळं दहन, खेड्यांत बरंच दफन.

जागेचं माप: रक्षेच्या थडग्याला १ चौरस मीटरच्या आत आणि देहाच्या दफनाला एकट्यासाठी ४, जोडप्यासाठी ६ चौरस मीटर, अशी मर्यादा अनेक प्रांतांत आहे. सार्वजनिक दफनभूमीत जागेची मालकी मिळत नाही, वापराचा हक्क मिळतो आणि देखभालीची रक्कम एका वेळी जास्तीत जास्त २० वर्षांची घेता येते. पुढं पुन्हा भरायची. मोठ्या शहरांत या चौरस मीटरभर जागेचा दर राहत्या घराच्या दरापुढं गेला आणि काहींनी शहराबाहेर स्वस्त फ्लॅट घेऊन तिथंच रक्षाकलश ठेवले. नुसती मर्यादा घातली आणि पुरेशी जागा दिली नाही की असं होतं.

अजून एक पळवाट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सक्तीच्या दहनाच्या भागांत कित्येक घरांनी दहन करून रक्षा आणली, ती पूर्ण मापाच्या शवपेटीत ठेवली आणि शेतात नेहमीसारखं दफन केलं. दहनाचा खर्च झाला, लाकूड गेलं आणि जमीन अडली ती अडलीच. नियम देहाबद्दल केला होता, लोकांना हवा होता तो मातीचा उंचवटा.

उकरून हाडं काढण्याची गोष्ट हाँगकाँग, तैवान आणि दक्षिण चीनमधली. हाँगकाँगच्या सरकारी दफनभूमीत शवपेटीच्या दफनाला ६ वर्षांची मुदत असते. मुदत संपली की घरच्यांनी परवाना काढून हाडं काढायची. मग त्यांचं दहन करायचं किंवा कलशात भरून लहान थडग्यात ठेवायची. कुणी आलंच नाही तर जाहीर सूचना देऊन सरकार स्वतः काढतं. आता तिथं दहांतल्या नऊहून अधिक जणांचं दहनच होतं आणि खरी टंचाई आहे ती रक्षाकलशाच्या कोनाड्यांची. म्हणून २०१९ पासून नव्या सरकारी कोनाड्याला आधी २० वर्षं आणि पुढं दर १० वर्षांनी नूतनीकरण, अशी पद्धत आहे.

सिंगापूरमध्ये १९९८ पासून सर्वच धर्मांच्या दफनाला १५ वर्षांची मुदत आहे. ज्यांच्या धर्मात दहन बसत नाही त्यांचे अवशेष लहान जागेत पुन्हा पुरतात, बाकीच्यांचं दहन. तैवानच्या २००२ च्या कायद्यात एका थडग्याला ८ चौरस मीटर आणि पुरलेल्या रक्षाकलशाला ०.३६ चौरस मीटर अशी कमाल मर्यादा आहे.

तुमच्या उताराच्या जमिनीसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दक्षिण चीनमधलं जुनं थडगं घोड्याच्या नालाच्या आकाराचं असतं. मागं डोंगर, पुढं मोकळी जागा आणि शक्य तर पाणी, अशी जागा निवडतात. मातीच्या उंचवट्याला मागून आणि दोन्ही बाजूंनी ठेंगणी भिंत वेढा घालते. ते लोक हे वारा-पाण्याच्या शास्त्राप्रमाणं (फेंगशुई) करतात, पण त्याचा रोकडा उपयोगही आहे: वरून येणारं पावसाचं पाणी त्या भिंतीला अडून दोन्ही अंगांनी निघून जातं, मधली माती वाहत नाही. हा आकार भारतात बघायचा असेल तर कोलकात्याच्या खाली हुगळीकाठी अचिपूरला टाँग अच्यू या तिथं येऊन वसलेल्या चिनी माणसाचं लाल रंगाचं थडगं आहे, अठराव्या शतकातलं. तुमच्याकडं भिंत नको. प्रत्येक ओळीच्या वरच्या अंगाला फूटभर खोल अर्धगोल चर मारा आणि त्याची दोन्ही टोकं खालच्या मोठ्या चरात सोडा, तेवढ्यानं काम होईल.

पाटीलकी (निपाणी भाग)

पूर्वरंग सर, माहिती चांगली दिलीत. पण आमच्या भागात एवढं सगळं करत बसायला वेळ कुणाला आहे? पन्नास वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे वारसही पुण्या-मुंबईला गेलेत. पंचायतीनं नोटीस लावावी, जेसीबी आणून जुनं सगळं सपाट करावं आणि नव्यानं आखणी करावी. चीननं तरी असंच केलं असेल की.

पूर्वरंग (बेळगाव)

केलं, आणि ते अंगाशी आलं. २०१२ मध्ये हनान प्रांतातल्या चौखौ इथं शेतातली थडगी सपाट करण्याची मोहीम निघाली. सगळा सपाट शेतीचा मुलूख, गव्हाच्या शेतांत ठिकठिकाणी उंचवटे. काही महिन्यांत २० लाखांहून अधिक थडगी मोडली. देशभर आरडाओरडा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं १९९७ च्या नियमावलीतलं, न ऐकणाऱ्याचं थडगं सक्तीनं हटवण्याचा अधिकार देणारं वाक्यच काढून टाकलं. १ जानेवारी २०१३ पासून ते लागू झालं आणि पाठोपाठ आलेल्या नववर्षाच्या सणाला पुष्कळ घरांनी आपापले उंचवटे परत उभे केले.

२०१८ मध्ये ज्यांग्शी प्रांतात दुसरा प्रकार घडला. तिथं म्हाताऱ्या माणसांनी स्वतःसाठी करून ठेवलेल्या शवपेट्या घरांतून ओढून काढल्या, ढीग घालून यंत्रानं फोडल्या. त्यावर सरकारी वर्तमानपत्रांनीच टीका केली.

पाटील, दोन्ही ठिकाणी हेतू जमीन वाचवण्याचाच होता. पण आधीच होऊन गेलेल्या दफनावर नवा नियम मागं नेऊन लावला. हाँगकाँगात तसं नाही. तिथं दफनाच्या वेळीच घरच्यांना ठाऊक असतं की ही जागा सहा वर्षांची. तुम्ही जो काही ठराव कराल तो पुढच्या दफनापासूनच लावा, जुन्या कट्ट्यांना यंत्र लावू नका.

काळी माती (चिकोडी)

मातीबद्दल लिहितो, कारण किती वर्षांनी जागा मोकळी होते हे कायद्यावर ठरत नाही, ते मातीवर आणि पाण्यावर ठरतं.

देह कुजायला हवा लागते, ओल लागते, पण पाणी तुंबून चालत नाही. खड्ड्यात पाणी साचलं आणि हवा बंद झाली की शरीरातल्या चरबीचं मेणासारखं घट्ट द्रव्य होतं आणि देह वर्षानुवर्षं तसाच राहतो. आमच्या चिकोडी-निपाणीच्या रेगडीत हे होऊ शकतं. पावसाळ्यात ती फुगते, हवा कोंडते. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि वरची माती आत ढासळते. तुमच्या खानापूरच्या जांभ्यात निचरा चांगला, त्यामुळं कुजणं लवकर होतं, पण तेच पाणी झिरपून खाली विहिरीत जायचा धोका जास्त. दोन्हीकडं काळजी वेगळी घ्यावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९८ मध्ये दफनभूमीबद्दल दिलेली अंतरं उपयोगी आहेत. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर २५० मीटर लांब असावी, इतर ओढा किंवा झरा ३० मीटर, शेतातला निचऱ्याचा चर १० मीटर. खड्ड्याच्या तळाखाली निदान १ मीटर माती असावी आणि पावसाळ्यातली पाण्याची सर्वात वरची पातळी तळाच्या निदान १ मीटर खाली राहावी.

ही पातळी उन्हाळ्यात बघून कळत नाही. मे महिन्यात जागेच्या सर्वात खालच्या कोपऱ्यात दहा फुटांचा चाचणी-खड्डा घ्या, भोवती काटेरी कुंपण घाला, नाहीतर जनावर पडेल. जुलै-ऑगस्टमध्ये सलग दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की आत पाणी किती उंचीवर थांबलंय ते पट्टीनं मोजा. जमिनीपासून साडेनऊ फुटांच्या आत पाणी असेल (सहा फुटांचा खड्डा आणि त्याखाली १ मीटर) तर तो कोपरा दफनाला वापरू नका, तिथं झाडं लावा. नदीकाठच्या गावांनी तर ऑगस्ट २०१९ च्या पुराची रेषा नकाशावर आखूनच पुढं जावं.

खोलीचा हिशोब वेगळा. देहावर निदान तीन फूट माती हवी. कमी असेल तर कुत्री-कोल्ही उकरतात, वास येतो. जांभ्यात तीन-चार फुटांवर पहार लागेनाशी होते आणि माणसं तिथंच थांबतात, ही नेहमीची चूक. जागा आखतानाच पहारीनं दर वीस फुटांवर टोचून बघा आणि जिथं खडक वर आहे तो पट्टा पायवाटेसाठी ठेवा. भरताना माती एकदम लोटू नका. फूट-फूट थर टाकून पायानं दाबा आणि वर दीड फूट उंचवटा ठेवा. पहिल्या पावसात तो बसतो. नंतर आणखी दोन-चार घमेली माती टाकावी लागते. ती टाकली नाही तर खळगा होतो, त्यात पाणी साचतं आणि मग वर सांगितलेला सगळा घोळ सुरू होतो.

आणखी दोन गोष्टी. दवाखान्यातून आलेली प्लास्टिकची पिशवी काढल्याशिवाय दफन करू नये. नायलॉन-पॉलिएस्टरची वस्त्रं, रबरी चप्पल, प्लास्टिकच्या माळाही काढाव्यात. सुती वस्त्र पुरे. आणि मिठाबद्दल: पोतंभर मीठ घातलं की देह लवकर मातीत मिळतो असं पुष्कळ ठिकाणी मानतात. मीठ पाणी शोषून घेतं आणि जंतूंची वाढ रोखतं, म्हणजे परिणाम उलटा होतो. रीत म्हणून मूठभर घाला, त्याहून जास्त नको.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

फार उपयोगी. चाचणी-खड्ड्याचं आजच समितीला सांगतो.

पूर्वरंग सर, हाडं काढण्याचं काम तिकडं प्रत्यक्षात कसं होतं? घरचे लोक ते बघू शकतात? आमच्याकडं नुसतं ‘उकरणे’ म्हटलं तरी बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. तिकडच्या लोकांना हे कसं चालतं, ते कळलं पाहिजे.

पूर्वरंग (बेळगाव)

घरचे लोक बघतात, आणि हजर राहणं हे त्यांचं कर्तव्य मानलं जातं. हे सरकारनं आणलेलं काम नाही. क्वांगतुंग, फूच्येन, तैवान या भागांत पहिलं दफन हे तात्पुरतंच असतं; पाच-सात वर्षांनी हाडं काढून कायमच्या जागी ठेवली की अंत्यविधी पुरा झाला असं मानतात. काढली नाहीत तर मुलांनी हयगय केली असं होतं.

काम असं चालतं. पंचांग बघून दिवस ठरवतात. सकाळी थडग्यापुढं उदबत्ती, फळं, चहा किंवा मद्याचे पेले ठेवून पूर्वजाला सांगतात की आज तुम्हाला नव्या जागी नेतो. मग या कामातला कारागीर माती काढतो, शवपेटीचं झाकण उचलतो. हाडांवर थेट ऊन पडू नये म्हणून वर छत्री किंवा कापड धरतात. पुष्कळ ठिकाणी कवटी पहिली उचलतात आणि ती आदरानं घरच्यांच्या समोर ठेवतात. मग बाकीची हाडं वरून खाली क्रमानं काढून कागदावर किंवा चटईवर मांडतात. चिकटलेली माती ब्रशनं आणि कापडानं पुसतात, हाडं नीट वाळवतात, कारण ओली भरली तर बरणीत बुरशी धरते. पेटीच्या तळाची माती हातानं चाळतात. बोटांची लहान हाडं आणि दात तिथंच राहून जातात.

भरायची बरणी मातीची, झिलई दिलेली, दोन-अडीच फूट उंच असते. भरण्याचा क्रम पक्का आहे. तळाशी पायाची हाडं, त्यावर कमरेचं हाड, मध्ये पाठीचा कणा, दोन्ही बाजूंना बरगड्या आणि हात, सगळ्यात वर कवटी. क्रम चुकला तर तो मोठा दोष धरतात. बरणीतला माणूस मांडी घालून बसल्यासारखा झाला पाहिजे. झाकणाच्या आत किंवा बरणीवर नाव आणि तारीख लिहितात. हाँगकाँगच्या ‘न्यू टेरिटरीज’ नावाच्या भागात डोंगरउतारांवर अशा बरण्या ओळीनं ठेवलेल्या दिसतात.

बिघडतं कुठं? पेटी उघडल्यावर देह पुरता कुजलेला नसतो तेव्हा. कारणं चिकोडीच्या मित्रांनी सांगितली तीच: तुंबलेलं पाणी, चिकणमाती, जाड लाखकाम केलेली पेटी, कृत्रिम धाग्याचे कपडे. अशा वेळी झाकण थोडं उघडं ठेवून किंवा भोकं पाडून पुन्हा माती लोटतात आणि वर्ष-दोन वर्षांनी परत बघतात, नाहीतर सरळ दहन करतात.

ही रीत किती मुरलेली होती बघा. परदेशात मेलेल्या चिनी मजुरांची हाडंसुद्धा अशीच काढून गावी धाडत. हाँगकाँगमधल्या तुंग वा संस्थेचं शवपेटीगृह १८९९ चं आहे. परदेशांतून आलेल्या पेट्या आणि हाडं पुढं गावी जाईपर्यंत तिथं ठेवत. न्यूझीलंडहून निघालेलं व्हेंटनर नावाचं जहाज १९०२ मध्ये बुडालं, त्यावर सुमारे ५०० चिनी माणसांचे अवशेष होते.

म्हणूनच सहा वर्षांचा नियम हाँगकाँगात टिकला. रूढीतच पाच-सात वर्षांनी उकरायचं होतं, कायद्यानं तोच काळ उचलून त्याला परवाना आणि नोंदवही जोडली. हनानमध्ये अशी रीत नव्हती. तिथं वडिलांचा उंचवटा म्हणजे दर वर्षी छिंगमिंगला जाऊन माती घालायची जागा. छिंगमिंग म्हणजे वसंतसंपातानंतर पंधरा दिवसांनी, ४-५ एप्रिलला येणारा थडगी झाडण्याचा सण. २००८ पासून त्याला सार्वजनिक सुट्टी आहे. तण काढायचं, अक्षरांवर पुन्हा रंग भरायचा, नैवेद्य मांडायचा, पूर्वजांसाठी कागदी पैसे जाळायचे. उंचवटाच गेला तर हे करायचं कुठं? तुम्ही नियम करताना हाच प्रश्न आधी विचारा: दफनानंतर आपले लोक त्या जागी नेमकं काय करायला येतात?

विभूती (गोकाक)

मलप्रभाकाठ अण्णा, त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिंगायत रीतीपुरतं मी देतो.

आपल्याकडं देह बसवून पुरतात. मांडी घातलेली, डाव्या तळहातावर इष्टलिंग. विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीतून आणायचं, खड्ड्यात, पुष्कळ ठिकाणी बाजूला काढलेल्या कोनाड्यात बसवायचं, विभूती आणि बेलाची पानं घालायची, जंगमांच्या उपस्थितीत माती द्यायची. त्यानंतर देहाला पुन्हा हात लावायचा विधी आपल्यात नाही. म्हणून हाडं काढून बरणीत भरणं आपल्याकडं चालणार नाही, तो विषय समितीत काढूही नका.

पण दुसऱ्या बाजूनं बघा. कट्टा बांधलाच पाहिजे असंही विधीत कुठं नाही. माती मातीत मिळाली की झालं, ही आपली मूळ समजूत. सिमेंट आणि ग्रॅनाइट ही अलीकडची हौस आहे, आणि एकानं केलं की दुसऱ्याला वाटतं आपण नाही केलं तर लोक काय म्हणतील. गरीब घरं यासाठी कर्ज काढतात, याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हा बंदी घालायचीच तर कट्ट्यावर घाला, पुढच्या दफनापासून.

खूण काहीच नको असं मात्र करू नका, ते लोक मानणार नाहीत. डोक्याच्या बाजूला एक फूट बाय नऊ इंचाचा घडीव दगड, जमिनीवर जेमतेम फूटभर दिसेल असा, त्यावर नाव, साल आणि ओळीचा क्रमांक. दगड पंचायतीनं एकाच मापाचा करून दिला तर गरीब-श्रीमंत भेद दिसत नाही. बेलाचं झाड प्रत्येक खड्ड्यावर नको, मुळं पुढच्या खड्ड्याला आड येतात. ओळीच्या टोकाला एक लावा.

खड्ड्याचं माप: बसलेल्या माणसाची उंची पावणेतीन ते तीन फूट, वर तीन फूट माती, म्हणजे सहा फूट खोल. वरून चार फूट बाय चार फूट. रेगडीत बाजूचा कोनाडा काढू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही; छत खचतं आणि खाली उतरलेला माणूस दबण्याची भीती असते. तिथं सरळ खड्डा घेऊन तळाशी मधोमध बसवणं बरं. मठपतींना आधी विचारून ठेवा, अडचण समजावून सांगितली की ते मार्ग काढतात. गोसावी समाजातही देह बसवूनच समाधी देतात, त्यामुळं दोघांच्या ओळी एकाच मापात आखता येतील. लहान मुलांची ओळ वेगळी ठेवा.

काळी माती (चिकोडी)

विभूतींनी दिलेल्या मापावर आकडे मांडून बघितले. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. वाटा, चर, झाडं, कुंपण यांना एक तृतीयांश सोडा, उरतात सुमारे २९,०००. चार बाय चारचा खड्डा आणि दोन खड्ड्यांमध्ये दोन फूट अंतर धरलं तर एकाला ६ बाय ६, म्हणजे ३६ चौरस फूट. त्यात ८०० बसतात. निजवून पुरायचं असेल तर ७ बाय ३ चा खड्डा, अंतरासह ९ बाय ५, तेव्हा ६४० च्या घरात. आणि आज जसं चाललंय, ८ बाय ५ चा कट्टा आणि भोवती फिरायला जागा, म्हणजे १० बाय ८, तर जेमतेम ३६०.

गावची वस्ती ४,००० धरा, वर्षाला हजारी ७ मृत्यू धरा, म्हणजे २८. त्यातल्या निम्म्यांचं दफन, म्हणजे १४. कट्टे बांधत राहिलात तर एकर २५-२६ वर्षांत भरतो. बिनकट्ट्याची बसती ओळ ठेवलीत तर ५७ वर्षं पुरतो. ५७ वर्षांनी पहिल्या ओळीवर परत येताना, निचरा नीट राखला असेल तर, तिथं उकरून काढण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. त्यामुळं हाँगकाँगची सहा वर्षांची मुदत तुम्हाला लागतच नाही. तुमच्या वस्तीचा आणि दफनांचा खरा आकडा पंचायतीच्या मृत्युनोंदीतून काढून हाच हिशोब परत करा.

जागा आधीच भरलेली असेल तर कट्ट्यांमधल्या मोकळ्या पट्ट्या मोजा. सहा फुटांहून रुंद पट्टी असेल तिथं बसती ओळ निघते.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

मग मुदत न घालता, कट्टा बंद, एक मापाचा दगड आणि ओळीनं दफन, एवढाच ठराव करायचा असं ठरवतो. नोंदवही कशी ठेवावी? हाँगकाँगच्या धर्तीवर काही असेल तर सांगा.

पूर्वरंग (बेळगाव)

तिथली नोंदवही बघून सगळ्यात महत्त्वाचं जे घ्यायचं ते म्हणजे जागेचा क्रमांक आणि जबाबदार वारसाचा पत्ता. वारस सापडला नाही की सगळं अडतं. तुमच्या वहीत ओळ आणि क्रमांक, नाव, वय, दफनाची तारीख, खोली किती फूट मिळाली, खडक किंवा पाणी लागलं का, आणि दोन वारसांची नावं व फोन असू द्या, एक गावातला आणि एक बाहेरगावचा. खोलीचा रकाना लोक विसरतात, पण पुढं ती ओळ परत वापरताना तोच लागतो.

नकाशा एकाच प्रमाणात काढून दोन प्रती करा: एक पंचायतीत पीडीओंकडं (पंचायत विकास अधिकारी), एक समितीकडं. ओळींच्या टोकांना दगडी खांब रोवा आणि नकाशावरची मापं त्या खांबांपासून घ्या. झाडापासून किंवा कुंपणापासून घेतलीत तर दहा वर्षांत ती हलतात. वही बांधीव असावी, सुटी पानं नकोत, आणि मृत्यूचा दाखला काढताना त्याच वेळी वहीतली नोंद पुरी करायची असं ठरवून टाका.

हद्दीची मोजणी सरकारी भूमापकाकडून आधी करून घ्या. ठराव आणि अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागेल. ग्रामसभेत वाचून दाखवताना मात्र मराठीतही वाचा, आणि फाटकावरचा फलक दोन्ही भाषांत लावा, म्हणजे कट्टा बांधायला आलेला गवंडी आणि घरचे दोघांनाही तो वाचता येईल. पुढं जागा वाढवायला शेजारचं गायरान मागायचं असेल तर तो अर्जही याच मोजणीच्या नकाशासोबत तहसीलदारांकडं द्या, दोन कामं वेगळी करू नका.